आधी वैरण, मग जनावर

(घरच्या घरी लहानसा गोठा उभारण्याविषयी काही विचार)

आपल्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्याच्या दारी एखादी म्हैस, दोन शेरडे किंवा निदान चार कोंबड्या नाहीत, असा विद्यार्थी विरळाच. परंतु ह्या मुक्या धनाचा खरा जमाखर्च फार थोड्या घरी मांडला जातो. पाऊस बरा झाला, बांधावर गवत हिरवे दिसू लागले, की दावणीला नवे जनावर येते. चैत्र-वैशाखात गंजी संपते, आणि तेच जनावर मिळेल त्या किमतीस बाजाराची वाट धरते. जनावर जाते, त्यासाठी काढलेले कर्ज मात्र घरी राहते. दुसरे एक नुकसान तर कोणाच्याच वहीत चढत नाही. घरात वैरण नसली म्हणजे शेरडांमागे रानोमाळ हिंडावयास घरातले एक पोर धाडावे लागते, आणि वर्गाच्या हजेरीपटावर त्या पोराच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात.

ह्या दोन्ही नुकसानींचे मूळ एकच आहे. आपण जनावर आधी आणतो आणि त्याच्या पोटाची काळजी मागाहून करतो. हा क्रम उलटा केला पाहिजे. तो कसा करावा, आणि आपल्या हातांनी, घरी पडलेल्याच साहित्यातून, एकामागून एक लहान कामे पुरी करीत गोठा कसा वाढवावा, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

आपला मुलूख

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वर्षाचा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही लहरी. १९७२ सालचा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून तुम्ही ऐकलाच असेल. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले व भीमेच्या काठचे पुष्कळसे रान उसाखाली आले. तरीही २०१२-१३ आणि २०१८-१९ ह्या वर्षी ह्याच जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, आणि माणसांनी आपली जनावरे घेऊन तेथे मुक्काम ठोकला. पाणी आले म्हणजे वैरण आपोआप येते असे नाही, हाच त्याचा अर्थ.

ह्याच्या उलट एक उदाहरण पाहावे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आपल्याहूनही कमी पावसाचे. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले, आणि गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळण्याचे ठरविले. श्रमदानाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. जनावरे डोंगरावर मोकळी सोडावयाची नाहीत; गवत वाढू द्यावयाचे आणि विळ्याने कापून घरी न्यावयाचे, असा नियम झाला. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास गावात दिवसाला सुमारे १५० लिटर दूध निघत असे. पुढे ते ४,००० लिटरांच्या घरात गेले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तेथे आधी गवत वाढले आणि त्यामागून दूध वाढले.

गाव जे करू शकले ते एका कुटुंबाने आपल्या परसात लहान प्रमाणावर का करू नये?

भार किती घालावा?

आपल्या कुर्डुवाडीच्याच इतिहासातून एक धडा घेऊ. १८९७ साली येथून बार्शीस जाणारी अडीच फुटी रुळांची लहान रेल्वे सुरू झाली. आपल्या स्टेशनास तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत. आज ते मार्ग रुंद झाले आहेत, परंतु तिच्या इंजिनियराची युक्ती अजूनही शिकण्यासारखी आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे त्याचे नाव. रूळ हलके होते, म्हणून कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये आणि सर्व आसांवर तो सारखा वाटला जावा, अशा बेताने त्याने इंजिने व डबे योजिले. त्यामुळे हलक्याच रुळांवरून पुष्कळ माल सुखरूप जाऊ लागला.

घरचा गोठाही असाच तीन आसांवर चालतो : वैरण, पाणी आणि घरच्या माणसांचे हात. ह्यांपैकी जो आस सर्वांत अशक्त असेल त्यावरून जनावरांची संख्या ठरवावी. वैरण दहा शेळ्यांची आहे, पण उन्हाळ्यात पाणी पाचांचेच मिळते, तर शेळ्या पाचच ठेवाव्या. पाणीही आहे, पण घरात शेण काढावयास व वैरण घालावयास एकटी आईच आहे, तर तिच्या दोन हातांना झेपेल तेवढेच वाढवावे. गोठ्याचे बहुतेक काम घरातील बायकाच करतात; म्हणून जनावर आणण्यापूर्वी त्यांचा विचार घ्यावा, आणि आलेल्या पैशातील वाटा त्यांच्या हाती पडावा, हे न्यायाचे आहे.

पहिले काम : मोजणी

ह्या कामास कागद, पेन्सील आणि एक तराजू पुरे. शेळीला दररोज तिच्या वजनाच्या शेकडा तीन ते चार इतके कोरडे अन्न लागते. हिरव्या चाऱ्यातील पाणी ह्यात धरावयाचे नाही. ३२ किलो वजनाच्या शेळीस हे सुमारे १.१ किलो होते. आपल्याकडे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचे १२० दिवस कसोटीचे. तेवढ्या दिवसांस एका शेळीचे १३२ किलो आणि पाच शेळ्यांचे ६६० किलो झाले. करडांसाठी आणखी एक तृतीयांश धरला म्हणजे बेरीज ८८० किलोंवर जाते.

आता म्हैस पाहू. सुमारे ४४० किलो वजनाच्या पंढरपुरी म्हशीला शेकडा अडीच ह्या मानाने रोज ११ किलो कोरडे अन्न पाहिजे. म्हणजे १२० दिवसांत १,३२० किलो. पोटाच्या हिशेबाने एक म्हैस म्हणजे दहा शेळ्या. उन्हाळ्यात शेळी पाच-सहा लिटर पाणी पिते, तर म्हैस सत्तर-ऐंशी लिटर. ज्या घरी जमीन थोडी व पाणी दुरून आणावयाचे, त्या घराने शेळीपासून आरंभ करावा, असे हा हिशेबच सांगतो.

आपली शिल्लक मोजण्यासाठी गंजीतील दहा पेंढ्या तोलाव्या, दहाने भागून एका पेंढीचे वजन काढावे, आणि पेंढ्यांच्या संख्येने गुणावे. मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी ३५-१ ह्या ज्वारीचा कडबा जनावरे आवडीने खातात. तथापि शेळी कडब्यापेक्षा तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट आणि झाडांचा पाला अधिक आवडीने खाते. म्हणून खळ्यावरचे भुसकट जाळून किंवा उधळून न देता पोत्यांत भरून त्याचेही वजन मांडावे. मुलांनो, हे काम तुमचे. चौथी-पाचवीचे गणित येणाऱ्यास ते सहज करता येईल.

दुसरे काम : आहे ती वैरण वाचविणे

नवी वैरण पिकविण्यापूर्वी असलेली वाया जाऊ न देणे हे स्वस्ताचे काम आहे. सबंध पेंढी जनावरापुढे टाकली तर ते पाने खाते व ताटे तुडविते. तीच वैरण तुकडे करून, म्हणजे कुट्टी करून, गव्हाणीत घातली तर उरते फार थोडे. खात्री पाहिजे असेल तर आठ दिवस सबंध पेंढी घालून उष्टावळ तोला, आणि पुढचे आठ दिवस कुट्टी घालून तोला. मात्र कुट्टीच्या यंत्राजवळ मुलांनी हात नेऊ नये. ह्या यंत्रांत पुष्कळांनी बोटे गमावली आहेत. ते काम मोठ्या माणसांनीच करावे.

शेळी जमिनीवर पडलेले, पायाखाली आलेले अन्न सहसा खात नाही. यास्तव तिची गव्हाण जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असावी. जुन्या पिंपाचे उभे दोन भाग करून, कडा ठोकून बोथट करून, लाकडी घोड्यांवर ठेवले की दोन गव्हाणी तयार. पिंप औषधाचे किंवा रसायनाचे असता कामा नये. ज्यांच्या घरी रेल्वेच्या कारखान्यात काम केलेली माणसे आहेत, त्यांना कापणे-ठोकणे शिकवावयास नकोच. इतरांनी त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

हिरवी वैरण टिकविण्याचा उपाय मुरघास होय. मक्याच्या कणसात दाणा दुधाळ अवस्थेतून घट्ट होऊ लागला म्हणजे ताटे कापावी व बोटाच्या दोन पेरांहून लहान तुकडे करावे. मूठभर कुट्टी घट्ट दाबून पाहावी : गोळा टिकला पण रस गळला नाही, तर ओल योग्य आहे. रस गळला तर काही तास सुकू द्यावी. मग स्वच्छ पिंपात थर घालीत पायांनी तुडवावी, कारण आत राहिलेली हवा हीच मुरघासाची वैरीण आहे. वर कागद घालून तोंड घट्ट बांधावे. २०० लिटरांच्या पिंपात सुमारे १०० ते १२० किलो माल बसतो. ४५ दिवसांनी उघडावे. पिवळसर हिरवा रंग आणि आंबूस गोड वास आला तर तो साधला. काळा पडलेला किंवा बुरसटलेला भाग जनावरांस मुळीच घालू नये. एकदा पिंप उघडले की रोज थोडा थोडा काढून ते संपवावे, आणि जनावरास त्याची सवय हळूहळू लावावी.

तिसरे काम : बांधावरचे कुरण

शेवरी, हादगा व सुबाभूळ ही तीन झाडे आपल्या बांधांवर चांगली येतात. पावसाळ्याच्या तोंडी शेवरीचे बी टोकले तर तीन-चार महिन्यांत पाला हाती येऊ लागतो. सुबाभळीच्या पाल्यात एक अपायकारक द्रव्य असते. म्हणून रोजच्या वैरणीत तिचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक नसावा. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना तोडणीच्या दिवसांत वाढे भरपूर मिळते; परंतु केवळ वाढ्यावर जनावर पोसू नये. त्यातील द्रव्यामुळे अंगातील चुना कमी होतो, आणि दुभत्या जनावराची हाडे व दूध दोन्ही खंगतात. वाढ्याबरोबर कडबा, भुसकट व क्षारमिश्रण द्यावे.

चौथे काम : निवारा

आता कोठे गोठ्याचा प्रश्न येतो. मोठ्या शेळीस बारा चौरस फूट व करडास चार चौरस फूट जागा धरावी. पाच शेळ्या व आठ करडे ह्यांस ९२ चौरस फूट होतात. म्हणजे बारा फूट लांब व आठ फूट रुंद छप्पर पुरे. त्याच्या दुप्पट मोकळे आवार पुढे कुंपणाने घेरावे. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाळ्याचे ऊन आत फार शिरत नाही.

बाभळीच्या मेढी, वर वासे, त्यांवर उसाच्या पाचटाचे जाड छप्पर, आणि पावसाची झड ज्या बाजूने येते त्या पश्चिमेस तुराट्यांचा शेणाने सारवलेला कूड, एवढ्यावर पहिला निवारा उभा राहतो. पत्रा घातलाच तर त्यावर पाचट पसरावे. नाही तर वैशाखात आत भट्टी होते. खाली मुरूम ठोकून एका बाजूस उतार द्यावा व मूत वाहून जाण्यास चर काढावा, कारण ओल्या जमिनीत खूर कुजतात आणि करडांस खोकला लागतो. रात्री दार पक्के बंद असावे. आपल्या माळरानांवर लांडगा अद्याप नांदतो, आणि त्याला दोष देण्यापेक्षा कडी घालणे सोपे आहे.

पाचवे काम : जनावर आणणे

इतके झाल्यावर जनावर आणावे. आणि तेही पाच नव्हे, दोन. आपल्या मुलखाला उस्मानाबादी शेळी मानवते. धाराशिव, लातूर, सोलापूर ह्या भागांचीच ती जात. बहुधा काळी, काटक, आणि जुळी देण्याबद्दल प्रसिद्ध. शक्य तो ओळखीच्या घरून, आई पाहून, पहिल्या-दुसऱ्या विताची शेळी घ्यावी. कास मऊ व दोन्ही सड सारखे असावे, डोळा तेजदार व लेंडी घट्ट असावी. नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे, म्हणजे बाहेरचा रोग घरात येत नाही.

शेळी पाच महिन्यांनी विते, आणि नीट पोसली तर दोन वर्षांत तीन वेते देते. दोन शेळ्यांची दोन वर्षांत सहा वेते झाली. प्रत्येकी दीड करडू धरले तर नऊ करडे. त्यांतील निम्म्या पाटी समजल्या, आणि एखादी दगावली असे धरले, तरी तीन पाटी हाती उरतात. म्हणजे एकही रुपया कर्ज न काढता दोनांच्या पाच शेळ्या होतात, आणि बोकड विकून आलेला पैसा वेगळाच. इतक्या थोड्या शेळ्यांसाठी स्वतःचा बोकड पाळू नये. गावातील चांगला बोकड दाखवावा, मात्र त्याच्याच पाटींना पुन्हा तोच दाखवू नये.

करडू जन्मताच नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे आणि तासाभराच्या आत त्याच्या पोटात चीक जावा. चिकातूनच त्यास रोगांशी झगडण्याचे बळ मिळते. चीक काढून टाकण्याची किंवा उशिरा पाजण्याची चाल जेथे असेल तेथे ती मोडावी.

सहावे काम : रोगाच्या आधी धावणे

एके काळी बुळकांडी ह्या रोगाने गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पडत. लसीच्या बळावर आणि अनेक देशांच्या एकजुटीने तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. एवढे मोठे काम ज्या साधनाने झाले ते साधन आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही मिळते. शेळ्यामेंढ्यांतील पीपीआर ह्या रोगाची लस एकदा टोचली म्हणजे सुमारे तीन वर्षे पुरते. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी. गाईम्हशींस घटसर्प व फऱ्या ह्यांची लस पावसाळ्याआधी, आणि लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा द्यावी. दवाखान्यातील डॉक्टरांकडून तारखा लिहून घेऊन त्या कागदावर गोठ्यातच टांगाव्या. आजारी जनावरास ऐकीव औषध पाजण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यावा.

कोंबड्या व उकिरडा

कोंबड्यांचे काम सर्वांत सोपे, म्हणून ते लहान भावंडांकडे द्यावे. पाच कोंबड्या व एक कोंबडा ह्यांस चार फूट लांब व तीन फूट रुंद असे, चार पायांवर उचललेले खुराडे पुरते. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावी. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. मानमोडीची लस मात्र चुकवू नये. ह्या रोगाने एका आठवड्यात खुराडे रिकामे झालेले पुष्कळांनी पाहिले आहे.

लेंड्या, शेण, उष्टी वैरण व राख खड्ड्यात थरांनी घालून ओलसर ठेवावी आणि वर माती पसरावी. हे खत शेताला गेले म्हणजे पुढच्या वर्षीची वैरण वाढते, आणि आपला हिशेब जेथून निघाला तेथेच येऊन मिळतो.

सातवे काम : वही

गोठ्याची एक वही असावी. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर उत्पन्न. मागील पानांवर वेताच्या, लसीच्या व विक्रीच्या तारखा. घरी खाल्लेली अंडी व प्यालेले दूध हेही उत्पन्नातच धरावे, कारण तेच लेकरांच्या अंगी लागते. वही मुलाने किंवा मुलीने लिहावी व दर महिन्यास आईवडिलांना वाचून दाखवावी. जे घर लिहिते ते घर फसत नाही असे नाही. परंतु आपण कोठे फसलो हे त्यास लवकर कळते.

पालकांना विनंती

वैरण घरी, गव्हाण घरी, पाणी घरी, अशी व्यवस्था झाली की शेरडांमागे हिंडावयास पोराची गरज उरत नाही. सकाळी अर्धा तास व संध्याकाळी अर्धा तास त्याने गोठ्यात अवश्य काम करावे. त्यात त्याचे शिक्षणच आहे. मधला दिवस मात्र शाळेचा असू द्यावा. गोठा हा मुलांच्या शिक्षणाचा आधार व्हावा. शिक्षण गोठ्याला बळी पडू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. येथे अंथरूण म्हणजे घरची गंजी. ती मोजल्यावाचून कोणी दावे वळावयास घेऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. एका घरी ५०० पेंढ्या आहेत. दहा पेंढ्यांचे वजन १८ किलो भरले. शिवाय भुसकट १६० किलो आहे. करडांचा वाटा धरून १२० दिवसांत ह्या वैरणीवर किती शेळ्या निघतील? कोरडे वजन व एकूण वजन एकच समजावे.

२. त्याच घरी म्हैस आणावयाची झाल्यास शेळ्या किती ठेवता येतील? हिशेबानिशी सांगा.

३. आपल्या गोठ्याच्या तीन आसांपैकी कोणता आस सर्वांत अशक्त आहे? तो बळकट करण्यास ह्या वर्षी कोणते एक काम करता येईल? घरी विचारून दहा ओळी लिहा.

४. आठ दिवसांची उष्टावळ तोलून आणा व वर्गात सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा.